उन्हाळी सुट्टी, दोन पोरं आणि रिकामा खिसा : हातांचे उद्योग सुचवा

आमरसपुरी । १७ एप्रिल, दुपारी २.५२

दुपारचे पावणेतीन. बाहेर चाळीस अंश, आत दोन नग. थोरली सात वर्षांची, धाकटा मार्चमध्ये चार पूर्ण झाला. परीक्षा संपून पाचच दिवस झालेत आणि 'आई, आता काय करू?' हे मी अंदाजे चारशे वेळा ऐकलंय.

जवळच्या एका शिबिराची चौकशी केली. दहा दिवस, रोज दोन तास, 'साहित्यासह'. दोघांची मिळून फी आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी. शेजारची मुलगी गेल्या वर्षी तिथे जाऊन आली, तिच्या वस्तू पाहिल्या. सगळं आधीच कापलेलं, भोकं पाडलेलं, मुलांनी फक्त चिकटवायचं. मोर छान होता, पण सगळ्या पोरांचा मोर तोच.

तर मंडळी, घरात आहे त्यातून किंवा फार तर पन्नास रुपयांत होणारं काही सांगा. 'यूट्यूब बघ' सांगू नका. तिथल्या बायकांच्या घरी गरम गोंदाची पिस्तुलं, चकाकी आणि बारा रंगांचे फोमशीट जन्मतःच असतात. आमच्याकडे फेव्हिकॉलची अर्धी बाटली, रद्दी, जुन्या ओढण्या आणि एक गॅलरी आहे. गच्चीची किल्ली मागितली तर मिळते. घर भाड्याचं आहे, भिंतींना हात लावायचा नाही.

---

रिकामी_डबी । १७ एप्रिल, दुपारी ३.२०

लग्नसराई आहे, पत्रिका येतच असतील. फेकू नका. इतका जाड, चकचकीत, सोनेरी कागद विकत आणायला गेलात तर कळेल.

माझ्या लेकीने गेल्या मे महिन्यात सदतीस पत्रिका जमवल्या (सासरच्या बाजूने गोतावळा मोठा आहे). गणपती कापून एका बुटाच्या खोक्यात, कलश दुसऱ्यात. मग एकसारख्या दोन पत्रिका मिळाल्या की त्यांचे चौकोन कापून जोड्या लावायचा खेळ. पालथे ठेवायचे, दोन उलटायचे, जुळले तर आपले. चार वर्षांचं पोर यात मोठ्यांना हरवतं, हे आधीच सांगून ठेवते. उरलेल्यातून पाकिटं. पत्रिकेचंच पाकीट उलगडून, आतली कोरी बाजू बाहेर करून पुन्हा चिकटवलं की नवं. माझ्या सासूबाईंनी त्यातूनच अहेर दिले.

हो, गणपतीचं चित्र पायाखाली आलं की आजी ओरडते. तेवढं सांभाळा.

---

कातळवाट । १७ एप्रिल, संध्याकाळी ६.०५

रत्नागिरीकडून नमस्कार. आमच्याकडे उद्योग झाडावरून पडतात.

आंब्याची कोय. त्यातही रायवळ, चोखून खायचा, दाताला धागे लागतात तो. चोखून झाला की कोय पाण्यात खसाखसा धुवा आणि दातांच्या जुन्या ब्रशने तिचे केस विंचरा. अक्षरशः विंचरा, भांग पाडा. मग चार दिवस कडक उन्हात. केस पांढुरके-सोनेरी होतात आणि उभे राहतात. पसरट बाजूवर स्केचपेनने डोळे-तोंड काढलं की झाला म्हातारा. केस खाली ठेवले तर दाढी, वर ठेवले तर विजेचा धक्का बसलेला शास्त्रज्ञ. हापूसच्या कोयीला केस कमी, त्यांचे टकलू काका होतात. पुरती वाळवली नाही तर बुरशी येते आणि चिलटं घरभर, तेव्हा घाई नको.

फणसाची पानं मिळाली तर मुकुट. पानाचा देठ मोडायचा, त्याच देठाने पुढच्या पानाला टोचायचं, असं करत डोक्याच्या मापाची माळ. नारळाच्या झावळीच्या पात्यांचं घड्याळ, पिपाणी, भिरभिरं. हे लिहून शिकवता येत नाही, सोसायटीचा वॉचमन कोकणातला असेल तर त्याला विचारा. आणि पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. दोन्ही टोकं कापून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि फुंका, फुगे येतात. फुंकायचं, ओढायचं नाही, हे मात्र चार वर्षांच्याला तीनदा सांगा. देठाचा चीक आधी धुऊन टाका.

शेवटचं, उन्हाळ्यातलं नाही, पण बीज आताच टाकायला हवं. एखादी कोय वाळवू नका, ओलसर मातीत टाका. जूनमध्ये कोंब आला की आतलं बी काढून दगडावर एका बाजूने घासायचं आणि फुंकायचं. अशी पिपाणी वाजते की शेजारी तक्रार घेऊन येतात.

---

आमरसपुरी । १७ एप्रिल, रात्री ९.४०

केस विंचरलेली कोय! धाकटा आत्ताच आंबे मागतोय. रायवळ पुण्यात शोधावे लागतील.

---

चकलीचा_सोऱ्या । १८ एप्रिल, सकाळी १०.१५

सगळ्यात टिकाऊ उद्योग, म्हणजे पोरं सर्वात जास्त वेळ बसतात तो : मीठ-मैद्याचा गोळा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाणी साधारण पाऊण वाटी, पण हळूहळू घाला. चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. मूठभर कुंकू किंवा हळद घालून रंग येतो, नाहीतर वाळल्यावर रंगवा. शिजवायचं नाही, भाजायचं नाही. बोटाच्या जाडीपेक्षा जाड काही करू नका, नाहीतर वरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि भेगा पडतात. गच्चीवर ताटात ठेवून दोन-तीन दिवस, मधे एकदा उलटायचं.

भातुकलीची अख्खी भांडी होतात. आमच्याकडे गॅस, सिलेंडर आणि शिट्टी मारणारा कुकर झाला होता. कुत्रं असेल तर त्याच्यापासून दूर ठेवा, एवढं मीठ त्याच्या पोटात जाणं वाईट.

---

आजी_नंबर_दोन । १८ एप्रिल, दुपारी १२.३०

माझं जरा वेगळं मत. राग मानू नका.

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. मिलोच्या (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या) भाकरी खाल्ल्यात, मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या सुकडीसाठी रांगेत उभी राहिले आहे. दोन वाट्या पीठ मळून त्याचा कुकर करायचा आणि चार दिवसांनी केरात टाकायचा, हे माझ्या हातून होणार नाही. माझ्या नातवंडांना मी ते करू देत नाही, सुनेला ठाऊक आहे.

गोळाच हवा ना? मग रद्दी आहे की. आमची आई उन्हाळ्यात कागदाच्या टोपल्या करायची. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवायचे. साधारण किलोभर कागदाला दोन मुठी मेथ्या, रात्रभर भिजवून वाटून. कागद पिळून खलबत्त्यात कुटायचा, हल्ली मिक्सर, पण त्याचं पातं नंतर तुम्हाला शिव्या देईल. त्यात मेथीचं वाटण घालून मळायचं. मेथीने चिकटपणा येतो आणि कडू असल्याने कीड लागत नाही. पातेलं पालथं घालून त्यावर ओलं फडकं, त्यावर लगदा थापायचा. चार दिवस उन्हात, मग पातेल्यावरून सोडवून आणखी एक दिवस. लसूण-कांदे ठेवायला वर्षानुवर्षं टिकते. आईची एक टोपली माझ्याकडे अजून आहे, तिच्यात सुया-दोरे असतात.

लहान पोरांना टोपली जमणार नाही, पण वाटीवर थापून वाटी होते. हात काळे होतात, छपाईची शाई असते. धुवायला लावा आणि तोंडात घालू देऊ नका. चिकटवायला खळ करायची तर साध्या पिठाची. पूर्वी तिच्यात मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे, पोरांच्या खळीत नको.

---

चकलीचा_सोऱ्या । १८ एप्रिल, दुपारी १.१०

आजी, पटलं. माझ्या बचावार्थ एवढंच, की तो मैदा पोरकिडे लागलेला होता. पण खळीसाठी चमचाभर पीठ चालतं ना तुम्हाला? मग प्रश्न मापाचाच म्हणायचा :)

---

आजी_नंबर_दोन । १८ एप्रिल, दुपारी १.२५

चमचा चालतो. वाटी नाही. प्रश्न मापाचाच असतो.

---

रिकामी_डबी । १८ एप्रिल, दुपारी १.४०

मधला मार्ग : जे एरवी केरात जातं त्याचे ठसे. भेंडीचा बुडखा रंगात बुडवून उमटवला की पाच पाकळ्यांचं फूल. कारल्याची चकती, आतल्या बिया काढून, कातरलेल्या कडेचं चाक. कांद्याचं बूड म्हणजे वर्तुळात वर्तुळं. कणीस खाऊन उरलेलं बुरकुंडं रंगात लोळवून जुन्या ओढणीवर फिरवलं तर अख्खी ओढणी छापून होते. आजींचं अन्न पोटात, आमचं केरातलं कागदावर.

---

वऱ्हाडी_ठेचा । १८ एप्रिल, दुपारी ४.००

अकोल्यातून. तुमचं चाळीस म्हणजे आमची थंडी हाय बाप्पा. दुपारी अकरा ते पाच पोट्टे घराच्या बाहेर काढायचे नाहीत, तेव्हा घरातलंच सांगतो.

ज्वारीचा कडबा. शहरात मिळत नसेल, पण गावाकडून कोणी येत असेल तर चार धाटं आणायला सांगा. वरची साल पट्ट्या पट्ट्यांनी सोलायची, आत पांढरा हलका गाभा निघतो, थर्माकोलसारखा. गाभ्याचे तुकडे आणि त्यात खुपसायला सालीच्या काड्या, एवढ्यात बैलगाडी होते. गाभ्याच्या चकत्या म्हणजे चाकं, जू, दांडी, धुरकरी सगळं. गोंद नाही, दोरा नाही, खिळा नाही. आमच्या आज्याने मला शिकवली, मी पोराला. साल सोलायचं काम मोठ्यानेच करायचं, ती ब्लेडसारखी कापते. माझ्या अंगठ्यावर १९८६ चा व्रण आहे.

दुसरं, पळसाची पानं. फुलं गेली की नवी पानं येतात, एप्रिल-मेमध्ये मोठी होतात. पाच-सहा पानं काडीने टाचली की पत्रावळ. पोट्ट्यांनी टाचलेल्या पत्रावळीतून वरण गळते, तरी त्याच दिवशी जेवायला बसवा. स्वतःच्या पत्रावळीवर कारल्याची भाजीसुद्धा खातात.

---

जुनं_खोडरबर । १९ एप्रिल, सकाळी ८.५०

आमच्या वेळी कुणी धागे काढून उद्योग सुचवले नव्हते. आई म्हणायची, 'जा, खेळा'. आम्ही जायचो. आता पोराला कंटाळाही आपणच सोडवून द्यायचा.

---

आमरसपुरी । १९ एप्रिल, सकाळी ९.३०

खोडरबरकाका, तुमच्या आईने 'जा' म्हटलं तेव्हा जायला अंगण होतं. आमच्याकडे 'जा' म्हटलं तर पार्किंग आहे.

---

ट्यूबलाईट । १९ एप्रिल, रात्री १०.२०

बाप या नात्याने माझा पहिलाच प्रतिसाद. जरा लांबेल.

माझ्या सहा वर्षांच्या लेकीला 'जादूची शाई' हवी होती. मला शाळेतलं आठवलं : हळद आम्लारीची दर्शक आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो हे प्रत्येक आईला माहीत असतं, मला नवव्या इयत्तेत कळलं. तर कोऱ्या कागदांना हळद लावली, वाळवली. साबणाच्या वडीचा तुकडा ओला करून लिहिलं की लाल अक्षरं. त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळं. खाण्याच्या सोड्याने नारिंगी-तपकिरी छटा येते, धुण्याच्या सोड्याने भडक लाल (तो मोठ्याने लावायचा). पानाचा चुना मात्र या उद्योगात अजिबात नको. त्याची पुडी दाबली की उडून थेट डोळ्यात जातो आणि डोळा जायची वेळ येते.

गोकर्णीची फुलं असतील तर आणखी मजा. चार फुलं कोमट पाण्यात कुस्करा, निळं पाणी. लिंबाने जांभळं-गुलाबी, सोड्याने हिरवट. तीन वाट्यांत तीन रंग आणि बाजारातून काही आणलेलं नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या खेपेला हळद लावलेले कागद मी शहाणपणाने गॅलरीत दोरीवर चिमट्याने लावले, पटकन वाळतील म्हणून. दोन-तीन तासांनी बघतो तर कागद फिकट पडलेले आणि चिमट्याखाली चिमट्याच्या आकाराचा गडद पिवळा ठसा. लेक म्हणाली, 'बाबा, उन्हाने फोटो काढला.'

तिने एका वाक्यात सांगितलेलं समजायला मला अर्धा तास लागला. हळदीचा रंग उन्हाने उडतो. डागाचा कपडा आई उन्हात का टाकायची, तेही तेव्हा कळलं. मग आम्ही मुद्दामच केलं. रीत अशी :

करोनातली सॅनिटायझरची अर्धी बाटली कपाटात असेलच. त्यात चमचाभर हळद कालवून कापसाच्या बोळ्याने कागदाला लावायची. हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, अल्कोहोलमध्ये उतरतो. हे काम मोठ्याने, गॅसपासून लांब, खिडकी उघडी ठेवून. कागद सावलीत वाळवायचा. मग मुलांनी त्यावर पान, पीस, किल्ली, कात्रीने कापलेला आकार, जे हवं ते मांडायचं. वर जुन्या फोटोफ्रेमची काच, म्हणजे पान चपटं बसतं आणि वाऱ्याने हलत नाही (काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा). अकरा वाजता गच्चीवर ठेवायचं आणि आत यायचं. दीड-दोन वाजता आणायचं. पान उचललं की त्याचं पिवळं चित्र. त्यावरून सोड्याच्या पाण्याचा हलका हात फिरवला की पिवळा भाग तांबूस होतो आणि चित्र उठून दिसतं.

चार चित्रं काढली : पेरूचं पान, कंगवा, तिचा स्वतःचा कागदी हात आणि चहाची गाळणी. गाळणीचं सगळ्यात सुंदर आलं. चित्रं भिंतीवर लावली तर तीही पुढे उडतात, वहीत दाबून ठेवावी लागतात. लेकीच्या मते त्यांना 'उजेड चावतो'.

---

आमरसपुरी । १९ एप्रिल, रात्री १०.५५

मी आत्ता रात्री अकरा वाजता सॅनिटायझर शोधतेय.

---

कातळवाट । १९ एप्रिल, रात्री ११.१०

काय हो, म्हणजे कोय, टोपली, कुकर आणि हा फोटो, चारही ठिकाणी सामान एकच : ऊन. वर्षभर शिव्या घालतो त्याला.

---

खडूफळा । २० एप्रिल, सकाळी ११.४०

पालघर जिल्ह्यात पहिली-दुसरीला शिकवते. दोन-तीन गोष्टी, त्यातली पहिली सावधगिरीची.

सुट्टीत मुलं बिया गोळा करतात. चिंचोके, सागरगोटे खेळायला उत्तम. चिंचोके फरशीवर घासून एक बाजू पांढरी केली की फासे होतात. पण गुंजा आणू देऊ नका. लाल, काळा ठिपका, इतक्या देखण्या की बाहुलीच्या डोळ्यांना पूर्वी त्याच लावायचे. चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. तसंच पिवळ्या कण्हेरीच्या बिया, ज्यांना मुलं बिट्ट्या म्हणतात आणि मजेत खेळतात, आणि एरंडाच्या बिया. तिन्ही विषारी आहेत. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर चिंचोकेसुद्धा वर ठेवा, घशात अडकतात.

दुसरं, वारली. दहा-वीस रुपयांचा गेरू, घरचं तांदळाचं पीठ (आजी, चमचाभरच), खोक्याचा पुठ्ठा. गेरू पाण्यात कालवून, थोडा गोंद घालून पुठ्ठ्याला दोन हात द्यायचे. वाळल्यावर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने चित्र. ब्रश नको. बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला होतो, माझ्या वर्गातली मुलं घरी बघून तसंच करतात. शहरात खराट्याची काडी धुऊन, टोक ठेचून वापरा.

तुमच्या मुलांना हेही सांगा की ही चित्रं मुळात सजावटीची नाहीत. लग्नाचा चौक (भिंतीवरचं मुख्य चित्र) सुवासिनी लिहितात, धवलेरी (लग्न लावणारी बाई) गाणी म्हणते, त्याशिवाय लग्न लागत नाही. 'चित्र काढणं' नाही, 'लिहिणं'. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी पुरुष असून हे काम हाती घेतलं, रोजच्या जगण्याची चित्रं कागदावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून अंग, वर गोल डोकं, चार काड्या. सात वर्षांच्या मुलीला दहा मिनिटांत माणूस जमतो. मग तिला म्हणा, तुझ्या पार्किंगमधली माणसं लिही. तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) नाचच काढायला पाहिजे असं नाही. माझ्या वर्गात एकाने एसटी काढली होती, खिडकीखिडकीत त्रिकोण.

तिसरं म्हणजे विनंती. नमुना करून समोर ठेवू नका. तुम्ही एक सुबक कोय करून दाखवली की मूल स्वतःच्या कोयीला 'घाण झाली' म्हणतं. वर्गात मी अनेक वर्षं ही चूक केली. सामान ठेवा, एकदा रीत सांगा आणि उठून भांडी घासायला जा.

---

बुडाला_तांब्या । २० एप्रिल, दुपारी ३.३०

धाकट्यासाठी एक : रंगकामाचा जुना ब्रश आणि तांब्याभर पाणी देऊन गच्चीच्या तापल्या फरशीवर चित्रं काढायला सांगा. संध्याकाळी साडेपाचला, फरशीला पाय लावता येईल तेव्हा. काढलं की दोन मिनिटांत उडतं, पुन्हा काढायचं. पुसायला लागत नाही, भाड्याच्या घरातही चालतं.

तांब्याभरच म्हणतोय हं. लातूरचा आहे. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं गाव. आमच्या पोरीला बादली देऊन 'खेळ' म्हणायला अजून जीभ वळत नाही. तांब्या संपला की खेळ संपला, आणि तो अर्धा-पाऊण तास पुरतो, कारण ब्रशला पाणी फार लागत नाही.

---

हिमात_हापूस । २१ एप्रिल, सकाळी ६.१५

न्यू जर्सीतून डोकावतेय. इथे शाळा सुटायला जूनचा शेवट उजाडतो, त्यामुळे धागा जपून ठेवलाय. इथली सार्वजनिक वाचनालयं सुट्टीत मुलांसाठी फुकट उद्योग ठेवतात, कधी घरी न्यायला पुडकंही देतात. इकडच्या मराठी आयांनी आधी तिथे चौकशी करा.

कोयीबद्दल रडायचं आहे. भारतीय आंबे २००७ पासून अमेरिकेत यायला लागले, पण पेटीचा भाव असा, की कोय फुकट आणि आंबा सोन्याचा. मेक्सिकन आंब्याच्या कोयीला भांग पाडून बघते.

---

रिकामी_डबी । २१ एप्रिल, सकाळी १०.००

पुणेकरांसाठी : आयुकाच्या (पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था) मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काम केलं. टाकाऊतून खेळणी, आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, २०१८ ची पद्मश्री. त्यांच्या संकेतस्थळावर सगळं फुकट आहे, मराठीतही बरंच. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायची त्यांची युक्ती सात वर्षांच्या मुलीला नक्की जमेल. ट्यूब सायकलच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळते. गुल आधी मोडून टाका. (हो, मला 'यूट्यूब बघ' म्हणायचं नव्हतं. हे त्यात धरू नका.)

---

आमरसपुरी । ९ मे, दुपारी ४.१५

हजेरी लावतेय. तीन आठवड्यांचा हिशेब.

हळदीचे फोटो : तुफान. पहिल्या दिवशी गच्चीवरून काच खाली आणताना धाकट्याने पान उचलून पाहिलं, चित्र हललं, रडारड. त्या हललेल्या चित्रात दोन पानं दिसतात, आता तेच त्याला सगळ्यात आवडतं. सेक्रेटरी काकांनी विचारलं, 'गच्चीवर काचा कुणाच्या?' दुसऱ्या दिवशी ते स्वतःचा चष्मा घेऊन आले, फोटो काढायला. काच फिकी, काड्या गडद, मस्त आला.

कागदाचा लगदा : आजी, मिक्सर वापरला. पात्याने खरंच शिव्या दिल्या. दोन वाट्या झाल्या, एक वाळली, दुसरी फडक्यालाच चिकटून बसली. घरभर मेथीचा वास. नवरा म्हणाला, आज लाडू का?

ठसे : भेंडीचे छान. ओढणीबरोबर सोफ्याच्या खोळीवरही आले. घरमालकांचा सोफा नाही, आमचाच, म्हणून गप्प बसलेय.

वारली : थोरलीने पार्किंग लिहिलं. त्यात मीही आहे. माझ्या हातात मोबाइल आहे. बघून दोन मिनिटं काही बोलले नाही.

खडूफळाताई, नमुना न दाखवणं फार अवघड जातं हो. हात शिवशिवतात. मी सरळ आतल्या खोलीत जाऊन बसते.

जे फसलं तेही सांगते. पत्रावळ पळसाऐवजी बदामाच्या पानांची केली, काड्या टोचल्या की पानं फाटतात. आणि चिंचोक्याचे फासे घासताना फरशीवर पांढरे ओरखडे आले. बाहेरच्या दगडावर घासा रे बाबांनो.

---

वऱ्हाडी_ठेचा । ९ मे, संध्याकाळी ५.००

बदामाची हिरवी पानं घेतली असतील. थोडी कोमेजू द्यायची, मग टाचायची. ताजं पान कडक राहते, लगेच चिरते.

---

जुनं_खोडरबर । ९ मे, रात्री ८.३०

कोयीला केस असतात हे बासष्टाव्या वर्षी कळलं. तीन करून ठेवल्यात. नातू आला नाहीये अजून.

---

आमरसपुरी । २२ जून, सकाळी ९.१०

शाळा सुरू झाली, पाऊसही. शेवटचा अहवाल.

आजींपासून लपवून किडक्या मैद्याची एक पाल केली होती. वाळून कडक झाली होती, रंगवली होती, दारावर चिकटवली होती. पावसाच्या चौथ्या दिवशी ती घामेजली, मऊ पडली आणि काल रात्री दारावरून घरंगळून खाली आली. चकलीताई, मीठ हवेतलं पाणी ओढतं हे सांगायचं राहिलं तुमचं.

कोयी एकूण बारा. टकलू काका सहा, दाढीवाले पाच. शास्त्रज्ञ एकच.

आता भांडण. एक कोय वाळवायची राहून गेली होती, ती थोरलीने तुळशीच्या कुंडीत टाकली होती. कालच कोंब आला, तांबूस, लुसलुशीत. थोरली म्हणते, घासून पिपाणी करायची, कातळवाटकाकांनी सांगितलंय. धाकटा म्हणतो, ते बाळ आहे, हात लावाल तर बघा. सकाळपासून तो कुंडीजवळ बसून आहे, शाळेत जायला तयार नाही. कोय एक, पोरं दोन. काका, काहीतरी सांगा लवकर, रिक्षा साडेदहाला येते.

---

कातळवाट । २२ जून, सकाळी ९.३२

तुळशीतली त्याला राहू दे. थोरलीला घेऊन सोसायटीच्या कचराकुंडीमागे जा. महिनाभर अख्ख्या इमारतीने आंबे खाल्लेत, पाच-सहा तरी उगवल्या असतील. घासताना बी ओलं ठेवायला सांगा, आणि पिपाणी शाळेत नेऊ देऊ नका.